झोपून घेतलेलं माप

जळगाव,
८ सप्टेंबर २०२४

प्रिय तनवीर,

तुझं एप्रिलमधलं पत्र मिळालं होतं. उत्तराला इतका उशीर झाला, माफ कर. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. वेळ होता. पत्र टेबलावर समोरच होतं. धूळ झटकून मी ते परत तिथेच ठेवत होतो.

सुलक्षणाची पाठदुखी कशी आहे, असं तू विचारलं होतंस. मे महिन्यात ऑपरेशन झालं. मणक्याला लागून गाठ होती, ती काढली. गाठ साधी निघाली. आता ती घरी आहे आणि सुधारते आहे. मी कॉलेजातून रजा घेतली आहे, त्यामुळे दिवसभर घरीच असतो.

मुद्द्यावर येतो. तिच्यासाठी कार्बनची सायकल बांधून हवी आहे. रविवारी ती तापीचा पूल ओलांडून यावलच्या रस्त्याला केळीच्या बागांपर्यंत जायची, हे तुला माहीत आहे. जुनी सायकल जड होती. 'ही मला नेत नाही, मी हिला नेते,' म्हणायची. नाताळच्या सुटीत ती परत त्या रस्त्यावर असावी, असं माझ्या मनात आहे. आजारानंतर हलकी सायकल बरी पडेल.

मोठ्या कंपनीची तयार कार्बन सायकल परवडणार नाही. म्हणून दोन वाटा दिसतात. एक, नाशिकच्या एका सायकलपटूची वापरलेली फ्रेम. दुसरी, कारखान्यातून थेट मागवायची बिननावाची नवी फ्रेम. मी बरंच वाचलं आहे, पण वाचून माझा गोंधळच वाढला. खर्च कुठे करावा आणि कुठे वाचवावा, ते तू सांग.

फोनवर किंवा मेसेजवर सायकल ठरवायची नाही, गिऱ्हाइकानं हातानं पान लिहून पाठवायचं, ही तुझी अट लक्षात आहे. हे ते पान समज. सोबत तिची मापं जोडली आहेत: उंची, हात, खांदे, पायाची आतली बाजू. ती झोपलेली असतानाच घेतली, म्हणजे तिला उठायचा त्रास नको.

कहकशावहिनींना नमस्कार.

तुझा
अमृत


धुळे,
१५ सप्टेंबर २०२४

अमृत,

माफीबिफी राहू दे, मास्तर. वहिनी घरी आल्या हे वाचून बरं वाटलं.

कान गेल्यावर अट घातली ती लोकांना चमत्कारिक वाटते, पण फायदा झाला. गिऱ्हाईक आता घासाघीस पाटीवर लिहून करतं. दोन ओळी लिहिल्या की त्याचा हात दुखतो आणि सौदा ठरतो. कहकशा म्हणते, तू बहिरा झाल्यापासून दुकान नीट चालतंय.

आता तुझं काम. नाशिकची जुनी फ्रेम घेऊ नकोस. कार्बन आतून तडकलेलं असलं तर वरून दिसत नाही. पूर्वी मी नाण्यानं ठोकत जायचो. चांगल्या जागी खणखणीत आवाज यायचा, बिघडलेल्या जागी पुठ्ठ्यासारखा. ते आता माझ्याकडून होत नाही, आणि दुसऱ्याच्या कानावर मी कुणाला चढावाउतारावर पाठवणार नाही. म्हणून नवीच घे. बिननावाची चालेल. एका कारखान्याच्या तीन फ्रेम मी बांधल्यात, तिन्ही रस्त्यावर आहेत.

पेडल फिरतं तिथलं बेअरिंग आट्यांनी बसणारं पाहिजे. नुसतं दाबून बसवतात ते आपल्या धुळीत कुरकुरतं. मला नाही ऐकू येणार, वहिनींना येईल. ब्रेकच्या तारा हँडलच्या आतून नेलेल्या फ्रेम दिसायला झकास, पण एक तार बदलायची तर अख्खी सायकल खोलावी लागते. त्या नको. हँडल आणि चाकं कार्बनची नको, अॅल्युमिनियमची घे. तिथे वाचव आणि ब्रेक चांगले घे. टायर जाड. यावलचा रस्ता मी पाहिलाय.

एकच अडचण आहे. पायाचं माप परत घे. झोपून घेतलेलं माप चालत नाही, मास्तर. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांमध्ये जाड पुस्तक धरायचं, खोगिरावर बसल्यासारखं वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. झोपून मोजलं की पाय लांब भरतो.

आणि हेही लिही: जास्त वेळ बसल्यावर त्यांचं काय दुखतं? मान, मनगट, गुडघा? कुठला पाय आधी टेकवतात?

तुझा
तनवीर


जळगाव,
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय तनवीर,

पहिल्या पत्रात मी काही खोटं लिहिलं नव्हतं, पण सगळं लिहिलंही नव्हतं. तू उभं राहून माप घ्यायला सांगितलंस, म्हणून आता लिहावं लागतंय.

ती उभी राहत नाही. ऑपरेशननंतर कमरेखाली तिला काही कळत नाही. गरम नाही, गार नाही, हात लावलेला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, सहा महिने वाट पाहा, त्यानंतर जे असेल ते कायमचं समजा. सहा महिने नोव्हेंबरात होतात. तोपर्यंत काहीच ठरलेलं नाही. 'सुधारते आहे' असं मी लिहिलं तेव्हा माझ्या मनात तिच्या पाठीची जखम होती. ती खरंच भरली आहे. पण तू ते वाक्य कसं वाचशील हे मला ठाऊक होतं. तरी मी ते तसंच ठेवलं.

तू विचारशील, माझं कसं आहे. काही नाही. शेजारचे झुलालआबा परवा म्हणाले, 'मास्तर, एकदा मोकळं रडी ल्या.' मी प्रयत्न केला. येत नाही. जेवणाला चव आहे की नाही, हे जेवताना आठवून पाहावं लागतं. फक्त फ्रेमची कोष्टकं वाचत असलो की डोकं चालतं. खोगिरापासून हँडलचं अंतर, पुढच्या नळीचा कोन, क्रँकची म्हणजे पेडलच्या दांड्याची लांबी. तिच्या उंचीला क्रँक नेहमीपेक्षा आखूड हवा, हे मी शोधून काढलं. एवढ्यात माझे दोन दिवस कसे गेले ते कळलं नाही.

तिलाही त्यात रस आहे. संध्याकाळी मी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवतो आणि आम्ही फ्रेम बघतो. ती रंग बघते. काळा नको, म्हणाली. केळीचं नवं पान उलगडताना असतो तसा पोपटी हवा.

सकाळी यशोदाबाई येतात, पारोळ्याकडच्या आहेत. आंघोळ, कूस बदलणं, सगळं करतात. परवा मला म्हणाल्या, 'भाऊ, तुम्ही जराखा बाहेर जा ना. बठ्ठं मी करस. बाईले दम लेऊ द्या.' मी खोलीत उभा राहिलो की त्यांना काम टाळता येत नसेल, असं मला वाटलं. मी हललो नाही. नंतर वाटलं, तसं समजणं बरोबर नव्हतं. पण कसं समजायचं होतं तेही कळलं नाही.

फ्रेम मागवायला हवी. यायला महिना लागतो. तू ऑर्डर देशील का?

अमृत


धुळे,
४ ऑक्टोबर २०२४

अमृत,

पत्र दोनदा वाचलं. कहकशालाही दाखवलं, रागावू नकोस. ती काही बोलली नाही, आणि बोलली असती तरी मला काय.

ऑर्डर मी देत नाही. नोव्हेंबर येऊ दे. फ्रेम कुठे पळून जात नाही. आणि एक विचारतो: सायकल हवी आहे, असं वहिनी स्वतः म्हणाल्या का? रंग सांगितला ते वाचलं. हवी म्हणाल्या का?

माझी एक गोष्ट सांगतो. तापातून उठलो आणि कान गेले, तेव्हा घरात सगळे म्हणायचे, येईल परत. कानात तेल, कानात फुंकर, झाडपाल्याचा रस. कहकशा माझ्या पाठीमागे येऊन मुद्दाम पातेलं टाकायची आणि मी वळतो का बघायची. दिवसातून कितीदा टाकायची, शेजाऱ्यांना विचार. एकदा मी वळलो. आवाज नव्हता आला. फरशी हादरली ती तळपायाला कळली. पण तिचा चेहरा असा झाला होता की मी मान डोलावली. तिनं मोहल्ल्यात पेढे वाटले. मग तो पेढा पचवायला मला वर्ष लागलं. प्रत्येक आवाजाला अंदाजानं वळायचं. मी दुकानात थकत नव्हतो तेवढा घरात थकायचो.

एवढंच. तुला काही शिकवायचं म्हणून लिहिलं नाही.

दिवाळीनंतर जळगावला येतो. वहिनींना भेटायचंय.

तनवीर


जळगाव,
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय तनवीर,

चांगली बातमी आहे, म्हणून लगेच लिहितो.

तुझ्या कानांची गोष्ट वाचली. तुमचं दोघांचं काय झालं असेल याची कल्पना आली. पण आमचं वेगळं आहे. तिथे नस मेली होती. इथे ती फक्त दबली असेल, असं डॉक्टरच म्हणाले होते.

मी रोज तिची तपासणी करतो. सकाळी उठल्यावर, जेवणाआधी, कूस बदलताना आणि मधे आठवण झाली की, तिच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढतो आणि विचारतो, 'कळतंय?' ती 'नाही' म्हणते. मग दुसरा पाय. मग टाचेला सुईचं बोथट टोक. तिच्याकडे न बघता करतो, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून तिनं उत्तर ठरवू नये. मे महिन्यापासून असंच चाललं होतं.

मंगळवारी दुपारी मी डाव्या अंगठ्याला चिमटा काढला आणि ती 'हो' म्हणाली.

मी विचारलं, 'काय कळलं?'

'जरासं. काहीतरी धरल्यासारखं.'

'परत करू?'

'आता नको. उद्या.'

दुसऱ्या दिवशीही 'हो' म्हणाली. उजव्याला 'नाही'. सगळीकडे 'हो' म्हणाली असती तर मलाच शंका आली असती. म्हणून मला हे खरं वाटतं.

मला आनंद झाला का, ते मी नीट तपासलं. झाला असावा. मी लॅपटॉप उघडला आणि फ्रेमची ऑर्डर दिली. तू नोव्हेंबरपर्यंत थांब म्हणाला होतास, तरी दिली. तू सांगितलं तेच घेतलं: आट्यांचं बेअरिंग, तारा बाहेरून, जाड टायरला जागा. सगळ्यात लहान माप, पोपटी रंग. पत्ता तुझ्या दुकानाचा दिला आहे. रंग सांगून बनवून घेतलेली फ्रेम परत घेत नाहीत. हे त्यांनी आधीच कळवलं होतं आणि मी ते वाचलं होतं.

फ्रेम तिला उचलून दाखवावी असं मनात आहे. एका हातानं उचलता येईल इतकी हलकी असेल.

तू दिवाळीनंतर ये. वाट बघतो.

अमृत


धुळे,
१९ नोव्हेंबर २०२४

अमृत,

जळगावहून परत आलो त्याला आठवडा झाला. पत्र लिहायला घेतलं आणि ठेवलं, असं तीनदा झालं. आता लिहितो. बसून वाच आणि दुसऱ्या खोलीत वाच.

त्या दिवशी तू चहा करायला आत गेलास. मग दूध आणायला खाली गेलास, मग परत चहा केलास. तेवढ्यात वहिनींनी माझी पाटी मागून घेतली. मी बोलत होतो, त्या लिहीत होत्या. माझा आवाज किती मोठा होतो ते मला कळत नाही, म्हणून त्यांनी मलाही खडू दिला. आपण जळगावात काय बोललो यातलं तू जे ऐकलंस ते सगळं हवापाण्याचं होतं. बाकीचं पाटीवर झालं आणि पुसलं गेलं. जेवढं लक्षात आहे तेवढं लिहितो.

त्यांनी लिहिलं, 'अंगठ्याला काही कळत नाही. कधीच कळलं नाही.'

मी लिहिलं, 'मग हो का म्हणालात?'

'थांबावेत म्हणून. दिवसभर चालतं. मी नाही म्हटलं की चेहरा पाहवत नाही. तो चेहरा मला दिसू नये म्हणून मान वळवतात, ते त्याहून वाईट.'

मग पाटी पुसली आणि लिहिलं, 'मला वाटलं हो म्हटलं की कमी होईल. वाढलं. आता वहीत तक्ता केलाय.'

मी सायकलचं विचारलं. त्या हसल्या, अमृत. खरं हसल्या. लिहिलं, 'फ्रेम बघत असले की माझ्या पायाला हात लावत नाहीत. म्हणून मी रंगावर इतका वेळ काढला. पोपटीपर्यंत यायला पंधरा दिवस लावले.'

त्यांना सगळं माहीत आहे. डॉक्टर काय म्हणाले तेही, सहा महिन्यांचंही. लिहिलं, 'माझेच पाय आहेत, मला कळणार नाही का.' रडल्या नाहीत. मी विचारलं, तुम्हाला काय हवं? वाटलं होतं, खुर्ची म्हणतील, मोठा दवाखाना म्हणतील. त्यांनी लिहिलं:

'सकाळी एक तास. यशोदाबाई असतात तेव्हा. मला माझ्या घरात कुणी बघत नाहीये असा एक तास.'

आणि खाली, 'यांना सायकलवर काढता येईल का बाहेर? कार्बन नको. कार्बन घेतली तर चालवणार नाहीत, पुसत बसतील.'

मी लिहिलं, हे तुम्हीच त्याला सांगा. त्यांनी मान हलवली. लिहिलं, 'मी सांगितलं की लगेच हो म्हणतील. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर उभे राहतील, लागलं तर हाक मारावी म्हणून. तुम्ही लिहून पाठवा. लिहिलेलं पाळतात ते.'

म्हणून लिहिलं. त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं, चहाडी म्हणून नाही.

फ्रेम आली आहे. खोक्यातून काढून सगळी तपासली, उत्तम आहे. दुकानात टांगली आहे. माप इतकं लहान की माझ्या पोरीशिवाय, निलोफरशिवाय, कुणाला बसणार नाही, आणि ती सध्या तिच्याखालून जाताना दर वेळी वर बघते. पण तू सांगितल्याशिवाय तिला कोण हात लावतो. विकायची म्हणालास तर गिऱ्हाईक शोधतो.

मी चुकीचं केलं असेल तर लिही. मला शिव्या ऐकू येत नाहीत, पण वाचता येतात.

तनवीर


जळगाव,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय तनवीर,

पत्र शुक्रवारी मिळालं. तू म्हणालास तसं दुसऱ्या खोलीत वाचलं. वाचून झाल्यावर घडी घातली आणि कुकर लावला. मला धक्का बसेल असं वाटलं होतं. बसला नाही. बहुधा मला ठाऊक होतं. त्या मंगळवारी ती पहिल्यांदा 'हो' म्हणाली तेव्हा आवाज कसा होता, हे मला नीट आठवतं. कुणी वाटेतून बाजूला व्हावं म्हणून 'हो, हो' म्हणतो तसा. मी तो ऐकला होता आणि तरी ऑर्डर दिली.

तिला 'हो' म्हणायला लावलं ते मी. हे लिहिताना मला वाईट वाटतंय की वाईट वाटायला हवं म्हणून लिहितोय, ते ठरवता येत नाही. तसंच राहू देतो.

शुक्रवारी जेवणाआधी तिच्या पायांजवळ बसलो. हात सवयीनं गेला. चादरीवरच ठेवला आणि काढून घेतला. ती बघत होती.

'आज विसरलात?' म्हणाली.

'नाही.'

'मग?'

'विचारायचं नव्हतं.'

मग म्हणाली, 'तनवीरभाईंचं पत्र आलं वाटतं.'

'हो.'

'काय लिहिलंय?'

'फ्रेम आली म्हणून. सुंदर आहे म्हणाला.'

'आणि?'

'आणि मी कार्बनची घेतली तर पुसत बसेन.'

ती हसली नाही, पण तोंड माझ्याकडे वळवलं. 'बसालच,' म्हणाली. 'मागच्या खेपेला मिक्सर आणला तर महिनाभर त्यात चटणी करू दिली नव्हती.' मग म्हणाली, 'उशी जरा वर घ्या. आणि जा आता. भात लागतोय.'

भात खरंच लागला होता. आम्ही वरचा वरचा खाल्ला.

शनिवार गेला, आज रविवार गेला. तीन दिवस मी चिमटा काढला नाही. तिनंही विषय काढला नाही. तक्ता वहीतून फाडणार होतो, पण त्यात मागच्या पानावर औषधांच्या वेळा आहेत, म्हणून राहू दिला. पुढे लिहिलं नाही. ती दुपारी झोपते हे मला आता कळलं. आधी झोपत नव्हती की मी झोपू देत नव्हतो, तुला विचारण्यात अर्थ नाही.

आज सकाळी यशोदाबाई आल्या तेव्हा मी दारापर्यंत गेलो. चपला घातल्या. मग वाटलं, कूस बदलताना त्यांना एकटीला जमलं नाही तर? परत आत आलो. यशोदाबाई म्हणाल्या, 'ऱ्हाऊ द्या भाऊ, आज नही ते सकाय.' त्यांच्या बोलीत सकाय म्हणजे उद्या. मी ते कॉलेजात पोरांकडून शिकलो होतो.

फ्रेम निलोफरला दे. विकू नकोस. बाकीचे भाग तू निवड, मी नको. माझ्याकडून आणखी दोन महिने जातील त्यात. तिला उभं करून माप घे. सुलक्षणाला विचारून लिहितोय हे. ती म्हणाली, रंग मात्र बदलू देऊ नका, पंधरा दिवस लागलेत.

माझ्यासाठी सायकल आता नको. तू पुढच्या पत्रात ती काढशील म्हणून आधीच सांगतो. सायकल ठरवायला घेतली की मी परत घरातच बसून राहीन. पायी जाता येतं.

तू चुकीचं केलं नाहीस.

रोजनिशीत आज काही लिहिलं नाही, म्हणून इथेच लिहून ठेवतो.

उद्या: यशोदाबाई आल्या की तासभर बाहेर जाणे.

अमृत